टायटॅनिक किती वेळा बुडालं? चित्रपटांकडे 'स्रोत' म्हणून बघताना

पेट किंवा नेट झाली, गाईड मिळाले, सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न आडवा येतो. 'ही गोष्ट दहा ठिकाणी लिहिलेली आहे, म्हणजे खरीच असणार ना?' लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण सगळेच हे करतो. एकाच वाक्यापुढे सात-आठ संदर्भ लावले की वाक्य वजनदार वाटतं. पण त्या आठांपैकी सहा जणांनी सातव्याचंच वाचून लिहिलेलं असेल तर? मग तुमच्याकडे आठ पुरावे नाहीत, फार तर दोन आहेत.

हे पेपरच्या उदाहरणांनी समजावलं की झोप येते, म्हणून आज एक जहाज घेऊया. टायटॅनिक सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेकांना ते 1997 च्या चित्रपटामुळे माहीत आहे. पण हे जहाज पडद्यावर 1912 पासून बुडतंय, आणि दर वेळी थोडं वेगळं बुडतंय. ते वेगळेपण नीट बघितलं तर स्रोत, पुरावा, स्वतंत्र साक्ष असले जड शब्द आपोआप कळायला लागतात.

आधी मूळ घटना, थोडक्यात. 14 एप्रिल 1912 च्या रात्री 11:40 ला जहाज हिमनगावर घासलं आणि 15 तारखेला पहाटे 2:20 ला बुडालं. सुमारे 1,500 माणसं गेली, सातशेच्या आसपास वाचली. बुडताना फोटो कुणीही काढलेला नाही, चित्रीकरण तर दूरच. म्हणजे त्या पावणेतीन तासांचं एकही 'मूळ दृश्य' जगात अस्तित्वात नाही. आपल्या डोक्यात जे दृश्य आहे ते नंतर कुणीतरी तयार केलेलं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बुडण्याआधीचं तरी फुटेज आहे का? आहे, पण फार थोडं, आणि तेही बेलफास्टच्या गोदीतलं. बातमी आली तेव्हा जगभरच्या थिएटरवाल्यांना काहीतरी दाखवायचं होतं. मग न्यूजरील कंपन्यांनी काय केलं? टायटॅनिकचं जुळं म्हणावं असं 'ऑलिंपिक' नावाचं जहाज वर्षभर आधीच धावायला लागलं होतं. त्याचं फुटेज तयार होतं, ते वापरलं. पांढऱ्या गणवेशातले कॅप्टन स्मिथ जहाजावर फिरताना दिसतात ना, ते ऑलिंपिकवरचे आहेत. आजूबाजूच्या टग बोटींच्या नावांवरून ही जागा न्यूयॉर्क आहे हे उघड झालं असतं (टायटॅनिक तर न्यूयॉर्कला पोचलंच नाही), म्हणून फिल्मवर ती नावं चक्क खरवडून टाकली होती. आजही काही माहितीपटांत हे तुकडे 'टायटॅनिक' म्हणून येतात.

ओळखायचं कसं? वरच्या ए डेकवरची फिरायची गॅलरी बघा. ऑलिंपिकवर ती शेवटपर्यंत उघडी आहे, टायटॅनिकवर तिचा पुढचा निम्मा भाग खिडक्यांनी बंद केलेला आहे. एवढी एक खूण माहीत असली की बरीच फसवणूक पकडता येते. तुमच्या विषयातही अशी एखादी खूण असते: स्पेक्ट्रममधलं एखादं शिखर, प्रजाती ओळखायचं एखादं लक्षण. पाठ करायचीच असेल तर व्याख्येआधी ती करा.

आता चित्रपट. पहिला चित्रपट जहाज बुडाल्यावर महिन्याभरातच आला. 'सेव्ह्ड फ्रॉम द टायटॅनिक' असं त्याचं नाव, आणि त्यात काम करणारी डोरोथी गिब्सन ही नटी स्वतः त्या जहाजावरून लाईफबोटीत बसून वाचली होती. त्या रात्री अंगावर असलेलेच कपडे तिने चित्रपटात घातले होते. याहून 'प्रायमरी' स्रोत कोणता? पण 1914 मध्ये त्या कंपनीच्या स्टुडिओला आग लागली आणि चित्रपट गेला. आज काही फोटो उरलेत, बस्स. त्याच वर्षीचा 'इन नाख्ट उंड आईस' हा जर्मन मूकपट मात्र बरीच वर्षं हरवलेला समजत होते, आणि 1998 च्या सुमाराला एका संग्राहकाकडे त्याची प्रत निघाली. म्हणजे काय वाचतं आणि काय हरवतं ते त्या गोष्टीच्या महत्त्वावर ठरत नाही. साक्षीदार नटीचा चित्रपट गेला, ज्यात एकही साक्षीदार नाही तो राहिला. ऐतिहासिक डेटावर काम करणार असाल तर सॅम्पलिंग बायसचं याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

1929 च्या 'अटलांटिक'वर फार वेळ घालवत नाही. जहाज कंपनीला जखमेवरची खपली काढलेली नको होती, म्हणून चित्रपटात टायटॅनिक हे नावच नाही. कथा तीच.

1943 चा जर्मन 'टायटॅनिक' मात्र थांबून बघण्यासारखा आहे. नाझी प्रचार खात्याच्या आशीर्वादाने झालेला हा चित्रपट. यात जहाज बुडतं ते इंग्रज भांडवलदारांच्या शेअरबाजारी हावेमुळे, आणि धोक्याची सूचना देणारा एकमेव शहाणा अधिकारी जर्मन आहे. असा कुणी जर्मन अधिकारी खऱ्या टायटॅनिकवर नव्हता. दिग्दर्शक हर्बर्ट झेल्पिन चित्रीकरणाच्या काळात जर्मन नौदलाच्या अधिकाऱ्यांबद्दल काहीतरी टोचून बोलला, त्याची चुगली झाली, अटक झाली, आणि ऑगस्ट 1942 मध्ये तो कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. चित्रपट दुसऱ्याने पुरा केला. पॅरिसमध्ये तो दाखवला, पण खुद्द जर्मनीत गोबेल्सने अडवला. शहरांवर रोज बॉम्ब पडत असताना लोकांना पडद्यावर माणसं घाबरून पळताना दाखवणं परवडणारं नव्हतं. यातली जहाजावरची काही दृश्यं 'काप आर्कोना' या खऱ्या जर्मन प्रवासी जहाजावर घेतली होती. 3 मे 1945 ला, युद्ध संपायला आठवडाही उरला नसताना, तेच जहाज ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यात ल्युबेकच्या उपसागरात जळालं. त्यावर छळछावण्यांतले हजारो कैदी कोंबलेले होते आणि त्यातले बहुतेक मेले. टायटॅनिकवर गेले त्याच्या कितीतरी पट. या जहाजावर कुणी तीन तासांचा प्रेमपट काढलेला नाही.

हा चित्रपट प्रचारपट आहे, म्हणून बाजूला ठेवायचा? इतिहासाचा पुरावा म्हणून हो. पण 1942 सालच्या जर्मनीबद्दल तो जेवढं सांगतो तेवढं क्वचितच कुठला कागद सांगेल. एकच स्रोत एका प्रश्नासाठी निरुपयोगी आणि दुसऱ्या प्रश्नासाठी सोन्यासारखा असू शकतो. 'हा स्रोत चांगला आहे का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी चांगला, ते विचारा.

आता मधल्या खांबाकडे येऊ. 1958 चा ब्रिटिश चित्रपट 'अ नाईट टू रिमेंबर'. वॉल्टर लॉर्ड यांनी साठहून जास्त वाचलेल्या प्रवाशांशी बोलून 1955 मध्ये पुस्तक लिहिलं, त्यावरून हा काढला. (त्याआधी 1956 मध्ये अमेरिकन टीव्हीवर याच पुस्तकाचं नाट्यरूप लाईव्ह झालं होतं! शंभरावर नट, एकतीस सेट, आणि सगळं लाईव्ह. लॅबमध्ये एक डेमो लाईव्ह द्यायचा म्हटलं तरी आपले हात कापतात.) चित्रपटाचे सल्लागार होते जोसेफ बॉक्सहॉल, खुद्द टायटॅनिकचे चौथे अधिकारी. अभ्यासू लोक अजूनही याला सगळ्यात प्रामाणिक टायटॅनिकपट मानतात, आणि माझंही मत तेच आहे.

पण त्यात जहाज अखंड बुडतं, दोन तुकडे होत नाहीत.

इथे आपला खरा विषय सुरू होतो. 1912 मध्ये दोन चौकशा झाल्या, एक अमेरिकन सिनेटची आणि एक ब्रिटिश. अनेक साक्षीदारांनी सांगितलं की जहाज तुटलं, मोठा आवाज झाला, मागचा भाग परत पाण्यावर आडवा आला आणि मग बुडाला. सतरा वर्षांच्या जॅक थेअरनेही तेच सांगितलं. कार्पेथिया जहाजावर त्याच्या सांगण्यावरून चित्रं काढली गेली आणि वर्तमानपत्रांत छापूनही आली. दुसरीकडे वाचलेल्यांतले सगळ्यात वरिष्ठ अधिकारी लाईटोलर ठामपणे म्हणाले, तुटलं नाही. ब्रिटिश चौकशीने निष्कर्ष काढला: तुटलं नाही.

का? अधिकाऱ्याचा शब्द सतरा वर्षांच्या पोराच्या शब्दापेक्षा जड, हे एक कारण आहेच. पण मला दुसरं कारण जास्त शिकवून जातं. वर्तमानपत्रांत छापलेल्या त्या चित्रांत जहाज तुटल्यावर पुढचा भागही पाण्याबाहेर वर आलेला दाखवला होता. ते चूक होतं, पुढचा भाग तेव्हा पाण्याखाली होता. लॉरेन्स बीझली नावाचे विज्ञान शिक्षक तेरा नंबरच्या लाईफबोटीतून बघत होते. त्यांनी त्याच वर्षी पुस्तक लिहिलं आणि त्यात, जहाज तुटून दोन्ही टोकं वर आली असं काही घडलंच नाही असं स्पष्ट म्हटलं. दोन्ही टोकं वर आली नाहीत हे त्यांचं बरोबर होतं. पण त्या नकाराबरोबर 'तुटलं' हा बरोबर भागही गेला. एका दाव्यात दोन गोष्टी बांधलेल्या होत्या, एक खोटी ठरली आणि दोन्ही फेकल्या गेल्या. रिव्ह्यूअर म्हणून, किंवा आरएसीसमोर उत्तर देताना, ही गाठ सोडवता आली पाहिजे: तुमच्या दाव्याचा कोणता तुकडा पडला आणि कोणता अजून उभा आहे.

बीझलींची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. 1958 च्या चित्रपटाचं शूटिंग चालू असताना हे म्हातारे गृहस्थ एक्स्ट्रा कलाकारांत घुसले. यावेळी जहाजाबरोबर बुडायचं म्हणून! दिग्दर्शकाने युनियनच्या नियमांवर बोट ठेवून त्यांना उतरवलं. म्हणजे दुसऱ्यांदाही ते बुडण्याआधीच उतरले.

तर 1912 ते 1985 या काळात चित्रपटांत जहाज जवळपास अखंडच बुडत राहिलं. 1953 चा हॉलिवूडपट बघा, 1958 चा बघा, 1979 चा टीव्हीपट 'एस.ओ.एस. टायटॅनिक' बघा. 1980 चा 'रेझ द टायटॅनिक' तर समुद्रतळावरून आख्खं जहाज वर काढतो, गंजलेलं पण एकसंध. बुडाल्याचं दृश्य दाखवणाऱ्या या चित्रपटांची संख्या मोजून 'बहुसंख्य स्रोतांनुसार जहाज अखंड होतं' असं वाक्य 1984 मध्ये कुणी लिहिलं असतं तर ते शैलीच्या दृष्टीने निर्दोष ठरलं असतं, आणि साफ चूकही.

कारण हे स्रोत एकमेकांपासून स्वतंत्र नव्हते. कधी कधी तर अक्षरशः नव्हते: 1958 च्या चित्रपटात 1943 च्या नाझी चित्रपटातले काही तुकडे वापरलेत, दिवसा शांत पाण्यात चाललेलं जहाज आणि आत पाणी शिरतानाचे थोडे क्षण. 1966 च्या 'द टाईम टनेल' या टीव्ही मालिकेच्या पहिल्या भागात नायक टायटॅनिकवर जाऊन पडतो, तिथे 1953 च्या चित्रपटातली दृश्यं चिकटवली आहेत. नटसुद्धा फिरून तेच. डेव्हिड वॉर्नर 1979 मध्ये बीझली झाले आणि 1997 मध्ये तो पिस्तूल घेऊन फिरणारा नोकर लव्हजॉय. वरवर बघितलं तर चार वेगवेगळी कामं, आणि खाली एकच पाईप. 'अखंड बुडालं' हे सगळ्यांनी एकाच चौकशी अहवालातून घेतलं होतं, तपासलं कुणीच नव्हतं.

तपासणी झाली 1 सप्टेंबर 1985 ला. रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या अमेरिकन-फ्रेंच तुकडीला सुमारे 3,800 मीटर खोलीवर अवशेष सापडले. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून सुमारे 600 मीटर लांब. त्र्याहत्तर वर्षांनी थेअर बरोबर ठरला. जाता जाता आणखी एक गोष्ट निघाली: त्या रात्री बॉक्सहॉल यांनी काढलेले अक्षांश-रेखांश, जे मदतीच्या संदेशात गेले, ते प्रत्यक्ष जागेपासून सुमारे 13 सागरी मैल चुकलेले होते. हेच 1958 चे सल्लागार. 1967 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी त्यांनी स्वतः काढलेल्या त्या जागीच सोडल्या. जहाज तिथे नव्हतं हे कळायला अजून अठरा वर्षं होती. प्रत्यक्ष हजर असलेला, प्रामाणिक, प्रशिक्षित माणूसही आकडा चुकवू शकतो. त्याच्या प्रामाणिकपणाचा आणि एरर बारचा काही संबंध नसतो.

आता 1997 चा. जेम्स कॅमेरॉनने आधी रशियन पाणबुड्यांतून खाली जाऊन अवशेषांचं चित्रीकरण केलं, मग मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जवळपास पूर्ण आकाराचं जहाज बांधलं. पण त्याची उजवीच बाजू. साऊदॅम्प्टनच्या धक्क्याला मात्र डावी बाजू लागलेली होती. मग निघण्याची सगळी दृश्यं आरशातल्यासारखी उलटी शूट केली. टोप्यांवरची, पाट्यांवरची अक्षरं उलटी, केसांचा भांगसुद्धा उलट्या बाजूला, आणि नंतर फिल्म फिरवून सरळ केली. पडद्यावर काही कळत नाही. डेटा प्रोसेसिंग असंच असतं: करण्यात पाप काहीच नाही, फक्त काय फिरवलं ते मेथड्समध्ये लिहिलेलं पाहिजे.

या चित्रपटात जहाज तुटतं, कारण आता ते माहीत होतं. म्हणजे ते दृश्य 1912 पेक्षा 1985 नंतरच्या ज्ञानाचं चित्र आहे. कोणताही पेपर उघडलात की आधी साल बघा, असं गाईड का सांगतात ते इथे कळेल. मेंदूवरचा एमआरआयच्या आधीचा पेपर असो की जातींच्या वर्गीकरणावरचा डीएनएच्या आधीचा, लेखक हुशार आहे की नाही हा प्रश्न वेगळा आणि त्याला काय बघता येणं शक्य होतं हा वेगळा.

तरी यातही चुका आहेत आणि दोन सांगायलाच हव्यात. पहिली हलकी. रोझ फळीवर पडून आकाश बघते ते आकाश चुकीचं होतं. खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी वारंवार सांगितलं की त्या वेळी, त्या जागी तारे असे दिसूच शकत नाहीत, आणि वर आकाशाचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याचं प्रतिबिंब आहे. 2012 मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा कॅमेरॉनने तेवढं आकाश बदललं. पंधरा वर्षांनी निघालेलं शुद्धिपत्रच म्हणा.

दुसरी हलकी नाही. चित्रपटात फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डॉक गोळीबार करतो आणि मग स्वतःला गोळी घालतो. कुणा अधिकाऱ्याने असं केल्याचं काही वाचलेल्यांनी म्हटलं होतं. तो मर्डॉकच होता हे सिद्ध झालेलं नाही. काल्पनिक पात्र असतं तर चाललं असतं, पण हे खरं नाव होतं, आणि स्कॉटलंडमधल्या डाल्बीटी या त्याच्या गावात तो शेवटपर्यंत लोकांना बोटीत बसवत राहिलेला माणूस म्हणून स्मारकावर होता. गावाने आणि नातेवाइकांनी आक्षेप घेतला. 1998 मध्ये स्टुडिओचा एक वरिष्ठ अधिकारी गावात येऊन माफी मागून गेला, शाळेतल्या त्याच्या नावाच्या बक्षिसासाठी 5,000 पौंड दिले. चित्रपटातलं दृश्य तसंच राहिलं. 'काही स्रोतांनुसार' या दोन शब्दांत केवढी जागा असते बघा. माणसांवर काम करणार असाल, मुलाखती घेणार असाल, तर हा प्रसंग एथिक्स कमिटीचा फॉर्म भरायच्या आधी आठवा.

फळीवर दोघांना जागा होती की नाही हा प्रश्न तुम्ही मनात विचारलाच असेल. 2012 मध्ये 'मिथबस्टर्स'ने दाखवलं की लाईफजॅकेट फळीखाली बांधलं असतं तर दोघं तगले असते. 2023 च्या टीव्ही कार्यक्रमात कॅमेरॉनने थंड पाण्यात स्टंट कलाकार उतरवून वेगवेगळ्या परिस्थिती तपासल्या. काहींत जॅक मेला, एका रचनेत तो वाचू शकला असता. मला हे उत्तर आवडतं, कारण त्यात 'कोणत्या अटींवर' ते आहे. त्याच कार्यक्रमात मॉडेल पाण्यात बुडवून त्याने तुटण्याचाही प्रयोग केला, आणि म्हणाला की आपल्या चित्रपटातलं बुडणं अर्धंच बरोबर आहे: मागचा भाग धाडकन खाली आदळलाही आणि नंतर सरळ उभाही राहिला, हे दोन्ही एकत्र जुळत नाही. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध बुडणं, आणि ते बनवणाराच छब्बीस वर्षांनी स्वतःचं मॉडेल तपासतोय.

'डाऊन्टन ॲबी'च्या पहिल्या भागात जहाज दिसतही नाही, नुसती तार येते. त्यात चुकायला काही नाही. कमी दावा, कमी चूक.

सगळ्यात अलीकडचं म्हणजे 2022 मध्ये अवशेषांचं केलेलं त्रिमितीय स्कॅन. सात लाखांहून जास्त छायाचित्रं जोडून आख्ख्या अवशेषांची डिजिटल प्रतिकृती केली, आणि 2025 मध्ये त्यावर नॅशनल जिओग्राफिकचा माहितीपट आला. त्यात काही बॉयलर आत दबलेले दिसतात. गार पाणी आदळलं तेव्हा ते चालू असावेत असा त्याचा अर्थ लावलाय, आणि शेवटपर्यंत दिवे चालू होते या 1912 च्या साक्षींशी तो जुळतो. इथे साक्ष आणि स्कॅन दोन वेगळ्या वाटांनी एका ठिकाणी येतात, आणि मघाच्या चार चित्रपटांपेक्षा या दोघांचं एकमत जास्त मोलाचं आहे.

करून बघायचं असेल तर 1958 आणि 1997 या दोन चित्रपटांची शेवटची वीस मिनिटं लागोपाठ बघा. वहीत तीन रकाने आखा: काय दिसलं, त्या वर्षी ते कशावरून माहीत होतं, आणि कशावरूनच माहीत नव्हतं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. तो भरून झाला की तुमच्या सिनॉप्सिसमधला, एका वाक्यापुढे आठ संदर्भ असलेला परिच्छेद काढा आणि त्यालाही तेच तीन रकाने लावा.